‘येताना पाहिले’ : दर्शन-श्रवणवाचक क्रियापदे आणि त्यांची पूरके

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या या खंडात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीविषयी लिहू पाहणाऱ्याला आजही आरंभ तेथूनच करावा लागतो. सर्वेक्षणाची पद्धती सर्वपरिचित आहे. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत सांगवून घ्यावयाची आणि २४१ शब्द व वाक्ये यांची एक ठरावीक यादी भरून घ्यावयाची. एका साच्यातून शेकडो बोली पार केल्यामुळे तुलना सुलभ झाली, हे खरे. परंतु साच्यात जे बसत नव्हते ते सर्वेक्षणाच्या नजरेतून निसटले, हेही तितकेच खरे.

निसटलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे पाहणे, दिसणे, ऐकणे या क्रियापदांनंतर येणारी दुसरी क्रिया. उधळ्या पुत्राच्या कथेत पाहण्या-ऐकण्याचे प्रसंग आहेत. परतणाऱ्या मुलाला बाप लांबूनच पाहतो. शेतावरून येणाऱ्या थोरल्या मुलाला घराजवळ वाद्ये व नाच ऐकू येतो. पण मूळ कथेत पाहण्याचे कर्म एक सर्वनाम आहे आणि ऐकण्याचे कर्म नामे आहेत. बापाने मुलाला ‘काय करताना’ पाहिले, हे कथा सांगत नाही. अनुवादकाने पदरचे काही घातले असेल तरच ते सापडावयाचे. यादीतील वाक्यांची गतही तीच. तेथे कोणी टेकडीच्या माथ्यावर गुरे चारतो, कोणी झाडाखाली घोड्यावर बसलेला असतो. पण त्याला गुरे चारताना कोणी पाहत नाही. वऱ्हाडीच्या वाक्यरचनेविषयीचा सर्वांत जुना व्यवस्थित पुरावा या एका प्रश्नावर मुका आहे, तो असा.

झ्यूल ब्लोक यांच्याकडून ही उणीव भरून निघाली असती तर ते विशेष शोभले असते. मराठी भाषेच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. ध्वनिविचार व रूपविचार यांत या ग्रंथाने घालून दिलेली शिस्त अजून मोडलेली नाही. वाक्यविचाराला मात्र त्यात बेताचीच जागा आहे. ज्या भाषेत हा ग्रंथ लिहिला गेला त्या फ्रेंचमध्ये पाहण्याऐकण्याच्या क्रियापदांनंतर येणारे भाववाचक क्रियारूप हे व्याकरणातील एक गाजलेले प्रकरण आहे. दोन्ही भाषा हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने ही तुलना आता करावयास हवी, कारण तीतून मराठीचे जे रूप दिसते ते शालेय व्याकरणाने रंगविलेल्या रूपाहून बरेच निराळे आहे.

फ्रेंचमधील वस्तुस्थिती थोडक्यात अशी. व्वार (दिसणे), रगार्दे (लक्ष देऊन पाहणे), आंतांद्र (ऐकू येणे), एकुते (कान देऊन ऐकणे) आणि सांतीर (जाणवणे) या क्रियापदांनंतर दुसरे क्रियापद कोणत्याही शब्दयोगी अव्ययावाचून, आपल्या मूळ भाववाचक रूपात येते. ‘झ व्वा पियेर व्हनीर’, म्हणजे शब्दशः ‘मी पाहतो पियेर येणे’. दुसऱ्या क्रियेला स्वतःचे कर्म नसेल तर क्रम उलटही होतो : ‘झ व्वा व्हनीर पियेर’. करणारा सांगावयाचा नसेल तर तो गाळता येतो. ‘मी ऐकतो गाणे’ अशा रचनेचा अर्थ कोणीतरी गात आहे व ते ऐकू येत आहे, असा होतो. या भाववाचक रूपाला काळ नाही, पुरुष नाही, आणि येथे सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रियाव्याप्तीचीही खूण नाही. क्रिया चालू होती की पुरी झाली, हे ते रूप स्वतः सांगत नाही. क्रिया समग्रपणे दृष्टीपुढे आली, एवढेच सांगते. क्रिया चालू असल्याचे मुद्दाम सांगावयाचे तर फ्रेंच भाषक संबंधी उपवाक्य किंवा अन्य साधन वापरतो.

हा प्रकार लॅटिनमधून आला, पण जसाच्या तसा नव्हे. लॅटिनमध्ये येणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष पाहिले असेल तर वर्तमान कृदन्त वापरण्याची सोय होती, आणि तो येत आहे ही गोष्ट ध्यानात आली असेल तर द्वितीयान्त नाम व भाववाचक रूप यांची जोडी होती. फ्रेंचने दुसऱ्या जोडीचा साचा ठेवला आणि त्यात पहिलीचा अर्थ भरला. संस्कृतात याच्या उलट घडले. तेथे प्रत्यक्ष दर्शनासाठी शतृ-शानच् कृदन्त कर्माशी विभक्तीने जुळवून येते. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाचे १२४ वे सूत्र नेमके याच कृदन्तांचे विधान करते, आणि काशिकेने त्या सूत्राला दिलेले उदाहरणही पाहण्याच्या क्रियापदाचेच आहे : स्वयंपाक करणाऱ्या देवदत्ताकडे पाहा, अशा अर्थाचे. अडीच हजार वर्षांच्या व्याकरणपरंपरेत वर्तमान कृदन्ताचे आदर्श उदाहरण दर्शनवाचक क्रियापदासह यावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

त्या कृदन्ताचा वारसा मराठीतील ‘-त’ प्रत्ययात आहे आणि ‘-ता’, ‘-ताना’ हे त्याचेच विस्तार आहेत. म्हणून ‘झ व्वा पियेर व्हनीर’ याचे मराठी ‘मी पियेरला येताना पाहतो’ असे होते, यात नवल नाही. भाववाचक रूप वापरून पाहिले तर काय होते ते पाहणे अधिक उद्‌बोधक. ‘मी त्याला येणे पाहिले’ हे मराठी नव्हे. ‘-ऊ’ प्रत्ययान्त रूप वापरले, तर वाक्य शुद्ध होते, पण अर्थ पळतो. ‘तो येऊ पाहतो’ म्हणजे येण्याची त्याची खटपट चालली आहे. ‘पडू पाहणारी भिंत’ कोणी पाहिलेली नसते. ती पडण्याच्या बेतात असते. फ्रेंच रचनेला रूपाने सर्वांत जवळची अशी मराठी जागा रिकामी नाहीच; तेथे इच्छा व प्रयत्न हे अर्थ आधीच बिऱ्हाड करून बसले आहेत. ‘करून पाहणे’ या शेजारच्या रचनेतही पाहणे डोळ्यांचे उरलेले नाही. मराठीने ‘-ताना’ घेतले ते आवड म्हणून नव्हे, इलाज नव्हता म्हणूनही.

शालेय परंपरेने या ‘-ताना’चे काय केले? दादोबा पांडुरंग (१८३६) यांच्यापासून मोरो केशव दामले (१९११) यांच्यापर्यंत धातुसाधितांची चर्चा वाढत गेली. दामल्यांच्या ग्रंथात ती विपुल आहे. क्रमिक पुस्तकांनी त्या विपुलतेतून एक खूणचिठ्ठी तेवढी उचलली : ‘-ताना’ म्हणजे क्रियाविशेषणाचे काम करणारे अव्यय. ‘मी बाजारात जाताना छत्री घेतली’ या वाक्याला ही चिठ्ठी बरोबर बसते. ‘मी त्याला कधी हसताना पाहिले नाही’ या वाक्याला ती मुळीच बसत नाही. येथे ‘हसताना’ हे पाहण्याची वेळ सांगत नाही. ते काढून टाकले तर ‘मी त्याला कधी पाहिले नाही’ असे उरते, आणि वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याविषयीचे वाक्य अनोळखी माणसाविषयीचे होऊन बसते. जे काढल्याने विधानच पालटते ते विशेषण नव्हे. ते पूरक होय.

दोन्ही कार्ये एकाच रूपाकडे आल्यामुळे मराठीत एक संदिग्धता उत्पन्न झाली आहे. ‘मी त्याला घरी जाताना पाहिले.’ घरी कोण जात होते? फ्रेंचमध्ये हा प्रश्न पडत नाही. तो जात असेल तर भाववाचक रूप : ‘झ ले व्यू रांत्रे’. पाहणारा जात असेल तर ‘आं’ हे अव्यय लागलेले कृदन्त : ‘झ ले व्यू आं रांत्रां’. मराठी भाषक येथे शब्दक्रमाचा आश्रय घेतो. ‘घरी जाताना मी त्याला पाहिले’ असे म्हटल्यास जाणारा बहुधा ‘मी’. ‘-ताना’ क्रियापदाच्या अगदी अलीकडे आणल्यास जाणारा बहुधा ‘तो’. ‘केव्हा पाहिलेस?’ या प्रश्नाचे उत्तर पहिले आणि ‘काय करताना पाहिलेस?’ या प्रश्नाचे उत्तर दुसरे. हा नियम नव्हे, कल आहे. परंतु व्याकरणात ज्यांची नोंद व्हावी असे कलही असतात.

आता बुलढाण्याकडे. मेहकर-चिखलीकडील एखाद्या गावात दुसऱ्याचा बैल वावरात शिरला आणि उभ्या पिकाची नासाडी झाली, तर पंचांपुढे येणाऱ्या माणसाला चार गोष्टींपैकी एक सांगावयाची असते. बोलीत त्या साधारण अशा येतात :

‘बैल वावरात घुसतानी मले दिसला.’
‘बैल वावरात घुसेल दिसला.’
‘बैल वावरात घुसला हे म्या पाह्यलं.’
‘बैल माह्या डोयादेखत वावरात घुसला.’

फ्रेंचमध्ये या चारांपैकी पहिल्या व चौथ्या वाक्याला सामान्यतः एकच भाववाचक रचना पुरते. मराठीत मात्र प्रत्येक वाक्य निराळी साक्ष देते. पहिल्यात शिरण्याची क्रिया चालू असताना नजर गेली. बैल अखेर आत पोचला की हाकलला गेला, हे वाक्य सांगत नाही. दुसऱ्यात नजर गेली तेव्हा बैल आत होता. तो कोठून व कसा शिरला हे पाहिलेले नाही. तिसऱ्यात शिरण्याची घटना कळली, आणि ‘पाह्यलं’ असे म्हटले तरी ती खुरांच्या ठशांवरूनही कळलेली असू शकते. चौथ्यात क्रिया आरंभापासून शेवटपर्यंत डोळ्यांपुढे घडली.

पहिल्या दोन वाक्यांची जोडी विशेष विचारणीय आहे. प्रमाण मराठीत ‘शिरताना’ विकाररहित आहे, तर ‘शिरलेला’ लिंगवचनानुसार बदलते : शिरलेला बैल, शिरलेली गाय, शिरलेले वासरू. वऱ्हाडीतील ‘-एल’ प्रत्ययान्त रूप बदलत नाही. बैल बसेल हाये, गाय बसेल हाये. त्यामुळे ‘घुसतानी’ व ‘घुसेल’ ही दोन्ही रूपे अविकारी होऊन समोरासमोर उभी राहतात आणि त्यांच्यात फरक उरतो तो निव्वळ क्रियाव्याप्तीचा : चालू की झालेली. प्रमाण भाषेत विस्कटलेली मांडणी बोलीत नीट लागलेली आहे. बोलीला प्रमाण भाषेचे अशुद्ध रूप समजणाऱ्यांनी हे एकच प्रकरण डोळ्यांपुढे ठेवले तरी पुरे.

पण याच ठिकाणी खड्डाही आहे. बोलीबाहेरच्या कारकुनाच्या कानाला ‘घुसेल’ हे भविष्यकाळाचे रूप वाटते. बोलणाऱ्याला ती शंका येत नाही, कारण त्याच्या बोलीत तृतीयपुरुषी भविष्यकाळ ‘तो येईन’, ‘तो जाईन’ असा नकारान्त असतो. लिहून घेणारा जर ‘बैल शेतात घुसेल असे दिसले’ असे लिहील तर झालेले नुकसान होऊ घातलेले नुकसान बनेल.

चौथ्या वाक्यातील ‘देखत’ हा शब्द तर या सर्व विषयाची किल्ली म्हणावा असा आहे. ‘देखणे’ हे जुन्या मराठीतील पाहण्याचे रुळलेले क्रियापद. प्रमाण भाषेच्या नित्य व्यवहारातून ते मागे पडले आणि देखणा, देखावा, देखरेख अशा साधित शब्दांतून उरले. त्याचेच वर्तमान कृदन्त ‘देखत’ हे शब्दयोगी अव्ययासारखे वापरले जाऊ लागले : माझ्यादेखत, सर्वांदेखत, डोळ्यांदेखत. याने वाक्याची उतरंड उलटी होते. फ्रेंचमध्ये पाहणे मुख्य आणि पडणे त्याच्या आश्रयाला : ‘झ ले व्यू तोंबे’. मराठीत ‘तो माझ्यादेखत पडला’ असे म्हटले की पडणे मुख्य झाले, पूर्ण भूतकाळात गेले, आणि पाहणे त्याच्या आश्रयाला आले. ‘मी त्याला पडताना पाहिले’ या वाक्यात पडणाऱ्याला मधल्यामध्ये कोणी सावरलेही असेल. ‘माझ्यादेखत पडला’ यात तशी आशा नाही. फ्रेंच भाववाचक रूपातील समग्र क्रियेचा अर्थ मराठीत खरोखर कोठे राहतो असे विचारल्यास उत्तर ‘-ताना’ हे नसून पुष्कळदा ‘-देखत’ हे आहे.

फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांनी या भेदाकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा गैरवाजवी नव्हे. शिकविण्याच्या सोयीसाठी वर्गात ‘भाववाचक रूप म्हणजे -ताना’ असे समीकरण देण्याची प्रथा आहे. पहिल्या वर्षाला ते चालेल. पुढे ते मोडावयास हवे. कारण फ्रेंच लेखकाने न केलेली निवड मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वेळी करावी लागते. ती न केल्यास निवेदनातील साऱ्या घटना अर्धवट घडू लागतात, कोणी पुरते पडत नाही, कोणी पुरते निघून जात नाही, सगळे आपले पडताना आणि जाताना.

साक्षीचा उल्लेख वर आला तो केवळ दृष्टान्तासाठी नव्हे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असे ठरविले : जे दिसण्याजोगे त्याविषयी ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, जे ऐकू येण्याजोगे त्याविषयी ज्याने ऐकले त्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये हेच तत्त्व ५५ व्या कलमात आहे. कायद्याला ‘पाहिले’ एवढे पुरते. व्याकरणाला ‘काय पाहिले’ हे ठरवावे लागते.

तत्त्वचिंतक जॉन बारवाइज यांनी १९८१ मध्ये दर्शनवाचक क्रियापदांनंतरच्या उघड्या भाववाचक रूपाचे तर्कशास्त्र मांडले, ते येथे उपयोगी पडते. प्रत्यक्ष दर्शनाच्या वाक्यात पाहणाऱ्याला पाहिलेल्या वस्तूची ओळख असण्याची गरज नसते. ‘पाटलाच्या बैलाला वावरात शिरताना त्याने पाहिले’ हे वाक्य बैल पाटलाचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसतानाही खरे ठरू शकते. बैल पाटलाचा ठरला की झाले. ‘पाटलाचा बैल वावरात शिरल्याचे त्याने पाहिले’ हे मात्र तसे नाही. ओळख पटली होती असे ते सांगते. म्हणजे ‘-ताना’चे वाक्य डोळ्यांची साक्ष देते आणि ‘-ल्याचे’ लागलेले वाक्य डोळ्यांबरोबर समजुतीचीही. वृत्तपत्री मराठीला आणि सरकारी टिपणीला ‘-ल्याचे’ फार प्रिय आहे; ‘असल्याचे आढळून आले’, ‘केल्याचे दिसून आले’ या वाक्यांनी पानेच्या पाने भरतात. त्यांत पाहिले कोणी आणि अनुमान केले कोणी, हे सोयीस्करपणे पुसले जाते.

दुसरी क्रिया सकर्मक असली की प्रकरण अधिक बिकट होते. ‘मी त्याला मारताना पाहिले.’ तो मारीत होता, की त्याला कोणी मारीत होते? ‘म्या त्याले मारतानी पाह्यलं’ या बोलीतील वाक्यातही अडचण तीच, कारण ‘-ला’ वा ‘-ले’ हा प्रत्यय पाहण्याच्या कर्मालाही लागतो आणि मारण्याच्या कर्मालाही. आरोपी आणि फिर्यादी यांच्यातील अंतर एका प्रत्ययावर येऊन ठेपते. फ्रेंचलाही या संकटातून सुटका नाही. ‘झ ले व्यू बात्र’ याचे दोन्ही अर्थ होतात. तेथील व्याकरणाने एक तोड काढली आहे. पाहिलेली व्यक्ती दुसऱ्या क्रियेची कर्ता असेल आणि कर्म आधी आले असेल, तर पाहण्याच्या भूतकृदन्ताने तिच्या लिंगवचनाशी जुळते घ्यावयाचे. ती दुसऱ्या क्रियेचे कर्म असेल तर जुळवून घ्यावयाचे नाही. मारणारी स्त्री पाहिली तर कृदन्ताला स्त्रीलिंगाचे अक्षर लागते, मार खाणारी पाहिली तर लागत नाही. गंमत अशी, की ते अक्षर उच्चारात ऐकू येत नाही. कागदावरची स्त्री सुरक्षित; साक्षीदाराच्या तोंडची नाही. १९९० च्या लेखनसुधारणेने ‘होऊ देणे’ या अर्थाच्या क्रियापदाला या जंजाळातून मोकळे केले, पाहण्याऐकण्याच्या क्रियापदांना नाही.

मराठीतील जुळणी याच्या उलट आहे. ‘मी गाय वावरात शिरताना पाहिली’ यातील स्त्रीलिंग स्पष्ट ऐकू येते. पण ते गाय ही पाहण्याचे कर्म आहे एवढेच सांगते. दुसऱ्या क्रियेत ती कर्ता की कर्म, याविषयी अवाक्षर काढीत नाही. मराठीने तोड काढली ती प्रत्ययात नव्हे, शब्दसंपत्तीत. ‘मी त्याला मार खाताना पाहिले’ असे म्हटले की संशय फिटतो. ‘खाणे’ या क्रियापदाने कर्मणि प्रयोगाचे काम अंगावर घेतले आहे, आणि ‘मारले जाताना पाहिले’ या पुस्तकी रचनेपेक्षा ते अधिक चोख बजावले आहे.

आतापर्यंतचे विवेचन डोळ्यांचे झाले. कानाकडे वळताच ‘-ताना’चा पाय लटपटू लागतो. ‘मी तिला गाताना ऐकले’ हे वाक्य चालते, पण घरात कोणी ‘मी तिचे गाणे ऐकले’ असेच म्हणेल. फ्रेंच भाषक ‘मी ऐकतो पाऊस पडणे’ अशा घाटाचे वाक्य निःशंकपणे बोलतो. मराठीत ‘मी पाऊस पडताना ऐकला’ हे कानाला खटकते. येथे ‘पावसाचा आवाज येतो’, ‘दार वाजल्यासारखे झाले’, ‘गाडी आल्याचा आवाज आला’ असेच म्हणावे लागते. फ्रेंच कान घटना ऐकतो, मराठी कान आवाज ऐकतो आणि घटना त्या आवाजाला विशेषण म्हणून जोडतो. गाणे, बोलणे, रडणे यांसारख्या, जिथे क्रिया आणि आवाज एकच आहेत अशा धातूंपुरतीच ‘-ताना’ला थोडी मुभा मिळते.

स्पर्शात तीही मिळत नाही. जमीन हादरली, हे अंगाला कळले, तर ‘जमीन हादरल्याचे जाणवले’ किंवा ‘हादरल्यासारखी वाटली’. ‘जमीन हादरताना वाटली’ असे कोणी म्हणत नाही. फ्रेंचमध्ये पाहणे, ऐकणे, जाणवणे या तिन्हींना एकच रचना आहे. मराठीत डोळ्यापासून कानाकडे व कानापासून त्वचेकडे जावे तसतसे ‘-ताना’ क्षीण होत जाते आणि ‘-ल्याचे’, ‘-ल्यासारखे’ ही अनुमानाची रूपे पुढे येतात. प्रत्यक्ष प्रमाणाचा मान मराठीने पूर्णपणे दिला आहे तो डोळ्यालाच. ऐकीव गोष्टीविषयीची तिची वागणूकही याला धरूनच आहे. फ्रेंचमध्ये ‘जे आंतांद्यू दीर’, शब्दशः ‘मी सांगणे ऐकले’, ही ऐकीव वार्तेची नेहमीची सुरुवात. मराठी भाषक ऐकणाऱ्यालाच वाक्यातून काढून टाकतो आणि नुसते ‘म्हणतात’ असे म्हणून मोकळा होतो.

दर्शन व श्रवण यांतील हा भेद प्रमाण मराठीत किती जुना आणि बोलींत कितपत सारखा, याचा शोध घेण्यास साधने आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या विद्यमाने झालेल्या मराठी बोलींच्या आधुनिक सर्वेक्षणात चित्रफिती दाखवून भाषकांना बोलते केले गेले. ग्रिअर्सनच्या कथेपेक्षा हे साधन या विषयाला अधिक अनुकूल, कारण तेथे भाषकाने खरोखरच काही पाहिलेले असते. मात्र चित्रफितीत काय घडले एवढेच विचारले तर उत्तरात पाहण्याचे क्रियापद येणार नाही, ‘काय दिसले?’ आणि ‘कोणाला काय करताना पाहिले?’ असे दोन्ही प्रश्न टाकावे लागतील. आवाजाच्या फिती निराळ्या कराव्या लागतील.

जुन्या बाजूला लीळाचरित्र आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून मिळविल्या; ग्रंथाचा पायाच मुळी कोणी काय पाहिले आणि कोणी कोणाकडून काय ऐकले यावर उभा आहे, आणि पाठभेदही सांगणाऱ्यांसह जपले गेले आहेत. त्यात मेहकर आणि लोणार येथील लीळा आहेत, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवर घडलेल्या प्रसंगांचे मराठीतील अतिप्राचीन गद्य निवेदन उपलब्ध आहे. त्या लीळांतील ‘देखणे’ व ‘आइकणे’ यांची सर्व स्थळे वेचून, प्रत्येक ठिकाणी दुसरी क्रिया ‘-त’ वा ‘-तां’ प्रत्ययान्त आहे की भूतकृदन्तात, ती कर्माशी जुळते की सुटी राहते, आणि ‘देखत’ तेव्हा क्रियापद होते की अव्यय होऊ लागले होते, हे मांडावयाचे झाल्यास एका विद्यार्थ्याला दोन वर्षांचे काम पुरेल. विभागाच्या ग्रंथालयात लीळाचरित्राची छापील आवृत्ती असली आणि मेहकरच्या बाजारात कान उघडे ठेवून हिंडण्याची तयारी असली, की त्याला आणखी सामग्री नको.